ठेंगणं दार

दाराशी खाटकन आवाज झाला. पाठोपाठ नॉर्वेजियन भाषेतली एक शिवी आत आली, आणि शिवीच्या मागून माणूस.

एका हातानं तो कपाळ चोळत होता. दुसऱ्या हातात भिजलेली टोपी होती. त्याच्या कोटावरून निथळणाऱ्या पाण्याला ओल्या सेजच्या झुडपांचा वास येत होता... कडवट, स्वच्छ. मी शेगडीपुढे अनवाणी बसले होते. माझे मोजे शेगडीच्या दांडीवर वाळत होते. अशा वेळी अनोळखी पुरुषाला काय म्हणावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"लागलं का?" मी विचारलं.

"नेहमीचंच आहे. या चौकटीचं आणि माझ्या कपाळाचं जुनं वैर आहे." मग त्याची नजर कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावर गेली. तो वाकला, आत पाहिलं, आणि हळूच माझ्याकडे वळला. "यात ढलप्या होत्या. वाळलेल्या, बारीक फोडलेल्या."

"जाळल्या."

"सगळ्या?"

"थंडी वाजत होती..."

"बाई, हा दरोडा आहे!" तो म्हणाला, पण डोळ्यांत हसू होतं. "नियम माहीत नाही? या भागातल्या खोपींना कुलूप नसतं. कुणीही यावं, शेगडी पेटवावी, राहावं. पण जाताना पुढच्या माणसासाठी ढलप्या फोडून ठेवायच्या. बर्फात गारठलेल्या माणसाच्या बोटांना कुऱ्हाड धरवत नाही, म्हणून."

"आणि आज पुढचं माणूस म्हणजे..."

"मी." त्यानं गारठलेले हात शेगडीवर धरले. "बाहेर राष्ट्रीय उद्यानाचा ट्रक आहे, तो तुमचा ना? रस्त्यावर नाही, रस्त्याच्या आत गेलाय तो?"

मी मान डोलावली. इथली माती पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी होते, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि मागची चाकं त्यात फिरत राहिलेली ऐकणं वेगळं.

"उद्यानाच्या माणसांना एवढं तरी कळायला हवं."

"मी उद्यानाची नाही. इतिहासाची आहे. या उन्हाळ्यापुरती."

तो मला निरखून पाहायला लागला. शेगडीत जुनिपरचं लाकूड तडतडलं.

"म्हणजे तुम्हीच हॅटी ब्रॅनिगन," तो म्हणाला. "डुलुथची. ही खोप ठेवायची की पाडायची, ते ठरवायला आलेली."

"ते लोरेटा ठरवेल, माझी साहेबीण. ही खोप कधीची, एवढंच मी सांगायचंय. आणि तुम्ही?"

"नेल्स हाउगन. ही खोप माझ्या खापरपणजोबांनी बांधली."

मग मोजे वाळेपर्यंत त्यानं मला ती गोष्ट सांगितली. पेडर हाउगन कुंपणं येण्याआधीच्या काळात गुरं घेऊन डाकोटात आला. गवत सगळ्यांचं होतं, जमीन कुणाचीच नव्हती. त्यानं नदीकाठचे ओंडके तोडून ही खोप उभारली, आणि ज्या भयंकर हिवाळ्यात इथली निम्मीअधिक गुरं बर्फाखाली मेली, त्या हिवाळ्यात तो याच चार भिंतींत तगला. नेल्सचे वडील, अर्ल, दर नाताळात ही गोष्ट सांगत. गुडघे गेल्यावर अर्लनी नदीकडची जमीन उद्यानाला विकली. चराईचा परवाना तेवढा राहिला... आणि ही गोष्ट.

"मोकळ्या कुरणांच्या काळातली असेल तर दुरुस्त करतील. नाहीतर ऑक्टोबरात पाडतील. असंच ना?" त्यानं विचारलं.

"असंच. छप्पर खचलंय. उद्या कुणा पाहुण्याच्या डोक्यावर यायचं."

"मग सोपं आहे. तुम्ही खरं तेच सांगा." तो निर्धास्त होता. "आणि त्याआधी ही कुऱ्हाड घ्या. ढलप्या."

पाऊस थांबला होता. मी बाहेर जाऊन जुनिपरचा एक ठोकळा उभा केला आणि ढलप्या काढायला लागले. तो दारात टेकून हसायच्या तयारीत उभा राहिला होता. थोड्या वेळानं त्यानं हातांची घडी सोडली.

"कुठं शिकलात?"

"वडील लाकडाच्या गिरणीत होते. मी कॉलेजात आधी झाडंच शिकले. इतिहासाकडे नंतर वळले."

"असं होय," तो म्हणाला. त्या दोन शब्दांत काय होतं कोण जाणे, माझा पुढचा घाव चुकला.

त्या दिवशी ट्रक काही निघाला नाही. मी त्याच्या घोड्यावर त्याच्या मागे बसून त्यांच्या घरी गेले. उतार निसरडा होता. घोडा बेतानं पावलं टाकत होता, आणि मी... मी त्याचा कोट अगदी दोन बोटांनी धरला होता.

"घोडा चावत नाही," पुढून आवाज आला. "मीही नाही. नीट धरा."

मी नीट धरलं.

त्या उन्हाळ्यात मी पुष्कळ खोपी पाहिल्या. खोऱ्याखोऱ्यांतून, एखादी अर्धी पडलेली, एखादीत वटवाघळं. सगळ्या गुराख्यांनी बांधलेल्या, आणि सगळीकडे माझी एकच पंचाईत. खुंटीला कोट अडकवायचा तर टाचा उचला, फळीवरचं पाहायचं तर खोक्यावर चढा. डायरीत मोजमापं लिहिताना मी मनातल्या मनात त्या उंच, मेलेल्या पुरुषांशी भांडत असे.

हाउगनांच्या खोपीकडे मात्र पावलं जरा जास्तच वळत. कारण शास्त्रीय होतं, असं मी लोरेटाला सांगितलं होतं.

वासरांना मालकीचा डाग देण्याच्या दिवशी शेजारपाजारचे सगळे हाउगनांकडे जमले. इथली ती रीतच आहे. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. मी वासराचे मागचे पाय धरले, धुळीत लोळले, आणि दुपारी अर्लच्या हातची बटाट्याची पोळी लोणी-साखर लावून खाल्ली. तिला ते लेफ्सा म्हणतात.

"पोरी," अर्ल म्हणाले, "माझा मुलगा हल्ली रोज दाढी करतो. तुझ्या इतिहासात याचं काही कारण सापडतं का?"

"बाबा, गप्प बसा," नेल्स म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. उन्हानं असतील.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर खोपीत आला. मी पोकळ गिरमिट काढलं आणि भिंतीच्या ओंडक्यावर टेकवून फिरवायला लागले.

"इंजेक्शन देतेस की काय तिला?"

"रक्त काढतेय. तपासणीला."

गिरमिटातून पेन्सिलीएवढी कांडी निघाली. मी ती त्याच्या तळहातावर ठेवली. फिकट रेघ, गडद रेघ, पुन्हा फिकट. "प्रत्येक जोडी म्हणजे एक वर्ष," मी सांगितलं. "पाऊस चांगला तर रुंद. दुष्काळ तर अगदी अरुंद. इथल्या जुन्या झाडांशी हे दुष्काळ जुळवले की कळतं, ओंडका कुठल्या वर्षी तोडला. साल अजून शिल्लक आहे, म्हणजे शेवटचं वलय आहे."

तो कांडीकडे पाहत होता. मग माझ्या बोटाकडे, जे अजून त्याच्या तळहातावर होतं.

"लाकूड खोटं बोललं तर?"

"लाकडाला येत नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही."

"अरेरे! हाउगन घराण्यात कठीण जाईल तुला." आणि मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन तो घाईघाईनं बाहेर निघाला... खाटकन.

मी हसले. तो कपाळ धरून परत वळला, तोही हसला, आणि हसता हसता आम्ही दोघंही एकदम थांबलो. त्या कपाळावर, लाल झालेल्या जागी, मी हात ठेवला. बाहेर कॉटनवुडची पानं सळसळत होती. वारा नसतानाही ती तसंच करतात. त्यानं माझा हात तिथून काढून ओठांवर टेकवला. एवढंच. पण घरी जाताना मी तीन फाटकं उघडली आणि त्यांतलं एकही बंद केलं नाही. या भागात याहून मोठा गुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी अर्लची गुरं नदीपलीकडे सापडली, आणि फाटकं कुणी उघडी टाकली ते नेल्सनं कुणाला सांगितलं नाही.

कांड्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या, तेव्हा मला वाटलं, माझंच चुकतंय.

पुन्हा पाहिलं. दुसरा ओंडका पाहिला, तिसरा, चौकटीवरचा आडवा. प्रत्येक ओंडक्यावर सालीखालचं शेवटचं वलय एकाच वर्षाचं. एकोणीसशे अकरा. तो भयंकर हिवाळा त्याआधी पंचवीस वर्षं होऊन गेला होता. मोकळी कुरणं संपली होती, तारेची कुंपणं आली होती.

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. लाकडाला खोटं बोलता येत नाही... किती सहज म्हणाले होते मी.

नेल्स कुंपणाची तार ताणत होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आता पुसणार होते. मी सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे बाबा खोटं सांगतात," तो शांतपणे म्हणाला.

"खोटं नाही. त्यांना जे सांगितलं गेलं, ते..."

"त्यांनी जमीन विकली, हॅटी. घोड्यावर बसणं सुटलं. त्यांच्याकडे आता दुसरं काय आहे?" हातातली तार त्यानं सोडून दिली, ती झणझणत राहिली. "एखाद्या वर्षाचा फरक असता तर तू..."

"तरीही नाही."

"नाहीच. तेच म्हणतोय मी." त्यानं पक्कड उचलली. "तुमचा अहवाल तुम्ही लिहा, मिस ब्रॅनिगन. मी उद्या गुरं घेऊन वरच्या कुरणावर जातोय."

मिस ब्रॅनिगन. पहिल्या पावसातही त्यानं मला तसं म्हटलं नव्हतं.

अर्लना मी स्वतःच सांगायला गेले. ते दुसऱ्या कुणाकडून कळणं बरं नव्हतं. ते ओसरीतल्या खुर्चीत ऐकत राहिले. मग काठीनं समोरची टेकडी दाखवली.

"तिथं पेडर आहे. त्याच्या थडग्याच्या दगडावर वर्ष कोरलंय, एकोणीसशे आठ. पोरी, तुझं अकरा खरं मानलं तर ती खोप काय त्याच्या भुतानं बांधली?"

 मी पुन्हा जाऊन वलयं तपासली. तेच वर्ष निघालं.

शेवटचे फोटो आणि मोजमापं घ्यायला मी ऑगस्टच्या अखेरीस खोपीत गेले. पाडायच्या आधी एवढं करावंच लागतं. सकाळ गार होती. गवत सोनेरी झालं होतं, टोळ उडत होते. मी आत आले, कोट खुंटीला अडकवला, फळीवरून कप घेतला, शेगडी पेटवली, आणि कॉफी घेऊन खिडकीशी उभी राहिले.

समोर टेकडी होती. खिडकीच्या बरोबर मधोमध, पेडरचा दगड.

कप मी हळूच खाली ठेवला.

नेल्स कधी या खिडकीतून टेकडीकडे पाहायचा नाही. पाहायला त्याला गुडघ्यावर बसावं लागलं असतं. मी मात्र सरळ उभी होते. मी मागे वळून खुंटीकडे पाहिलं. टाचा न उचलता कोट अडकवला होता मी, सबंध उन्हाळ्यात फक्त इथं. फळी, दाराची खिटी, खोगिराचा दांडा... सगळं माझ्या हाताला येत होतं. उन्हाळाभर येत होतं. आणि मी, मोजमापं घेणारी, ते वापरत होते, पाहत नव्हते.

दारात जाऊन उभी राहिले. चौकट माझ्या डोक्यावर तळहातभर उंच होती. ऊब राहावी म्हणून दारं बुटकी करतात, हे खरं. पण उबेसाठी कुणी खुंट्या खाली ठोकत नाही.

ट्रक मी किती जोरात हाकला, ते लोरेटाला सांगितलेलं नाही.

"अर्ल! पेडरची बायको केवढी होती?"

"बेर्गिट?" अर्ल गोंधळले. "एवढीशी. कोंबड्यांशी बोलायला तिला वाकावं लागत नाही, असं माझी आजी म्हणायची. लग्नाच्या फोटोत तिला खोक्यावर उभी केलीय. का गं?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. खुंट्यांचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. "पेडरची गुरं मोकळ्या कुरणावर चरायची," मी म्हणाले. "त्या काळातल्या सगळ्यांसारखीच त्याच्याही नावावर जमीन नव्हती. तो गेला आणि कुंपणं आली. आता जो घर बांधून राहील त्याची जमीन, असा कायदा होता. विधवेलाही तो लागू होता. घर नसतं तर तिला मुलं आणि गुरं घेऊन निघून जावं लागलं असतं. तिनं घर बांधलं, अर्ल. आपल्या मापाचं. पेडर दिसेल अशी खिडकी ठेवून."

 अर्लचा अंगठा काठीच्या मुठीवर फिरत होता.

"म्हणजे ही गुरांची रँच पेडरनं केलीच नाही," ते शेवटी म्हणाले.

"गोष्ट गेली तुमची. मला वाईट वाटतं."

"गेली कुठं?" त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हसत होते. "नाताळात सांगायला ही जास्त बरी आहे. पेडरच्या गोष्टीत नुसता बर्फच होता." मग म्हणाले, "आणि माझा सहा फुटी गाढव जन्मभर त्या बाईच्या चौकटीवर डोकं आपटतोय!"

खोपीत परतून मी ढलप्या फोडल्या. खोकं काठोकाठ भरलं. नियम होता. आणि पुढचं माणूस कोण असेल, याची मला थोडीशी आशाही होती.

माझा अहवाल वाचून लोरेटा स्वतः आली. तीही उंच आहे. चौकटीनं तिलाही सोडलं नाही. कपाळ धरून ती आत उभी राहिली, खुंट्या पाहिल्या, मग गुडघे वाकवून खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मोकळ्या कुरणांचे पुरुष आपल्याकडे पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "मागे राहिलेल्या बायका कुठं आहेत, हे कुणी शोधलंच नाही." पहिल्या बर्फाआधी छप्पर दुरुस्त होणार होतं. पाटीवर बेर्गिटचं नाव येणार होतं. "हिवाळाभर थांबून बाकीच्या शोधशील का? पगार वाईट आहे," तिनं विचारलं. ओमाहाच्या संग्रहालयात माझी जागा ठरली होती. मी म्हटलं, सांगते.

नेल्स अजून वरच्या कुरणावरच होता.

सप्टेंबरातल्या ज्या दिवशी ओमाहाला निघायचं होतं, त्या दिवशी सकाळपासून रिपरिप लागली. ट्रकमध्ये सामान भरलेलं, लोरेटाला उत्तर मात्र अजून दिलेलं नव्हतं. माती चिकटायच्या आत हमरस्ता गाठायचा, हे मला आता पक्कं कळत होतं. तरी मी नदीकडे वळले. शेगडीजवळ जरा बसेन, मग जाईन... एवढंच ठरवलं होतं.

खोप रिकामी होती. पण कोपऱ्यातलं खोकं दिसत नव्हतं. त्याच्यावर, त्याच्याभोवती, छपरापर्यंत ढलप्यांच्या जुड्या रचल्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या. ताज्या जुनिपरचा वास भरून राहिला होता.

दाराशी पावलं वाजली. मी श्वास धरला.

आवाज झालाच नाही.

नेल्स आत उभा होता. टोपी हातात, कपाळ शाबूत.

"आज लागलं नाही?" मी विचारलं.

"वाकलो." तो चौकटीकडे पाहत होता. "इतकी वर्षं मला वाटायचं, दार चुकलंय. बाबांनी वर येऊन सगळं सांगितलं. गाडीनं नाही, घोड्यावर बसून आले. दोघांनी धरून चढवलं होतं त्यांना. तू खोटं बोलली असतीस, हॅटी, तर बेर्गिट आम्हाला कधीच भेटली नसती."

"मिस ब्रॅनिगन."

"ते... ते माफ कर. म्हटलं आणि वरच्या कुरणापर्यंत स्वतःलाच शिव्या देत गेलो."

"नॉर्वेजियनमध्ये?"

"आमची भाषा गेली, पण शिव्या तेवढ्या राहिल्यात."

मी जुड्यांकडे बोट केलं. "एवढ्या कुणासाठी?"

"नियम आहे ना. पुढच्या माणसासाठी."

"कोण आहे ते?"

"ते ओमाहाला चाललंय म्हणतात." त्यानं टोपी गोल गोल फिरवली. "न गेलं तर... या हिवाळाभर पुरतील, काटकसर केली तर. पण ते माणूस काटकसर करत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या जाळल्या होत्या त्यानं."

"थंडी वाजत होती त्याला."

"आता?"

बाहेर पाऊस वाढला होता. ट्रकची चाकं एव्हाना मातीत रुतायला लागली असतील, हे मला ठाऊक होतं. अजून निघाले असते तर हमरस्ता गाठता आला असता.

मी खाली बसले. बूट काढले, मोजे काढले, आणि शेगडीच्या दांडीवर वाळत घातले.

"एक जुडी दे इकडे," मी म्हणाले.